उणे अठ्ठेचाळीस

माझं हृदय पहिल्यापासून सावकाश.
मिनिटाला अडतीस ठोके.
शाळेतल्या नर्सने दोनदा मोजले,
तिसऱ्यांदा आधी माझ्या तोंडाकडे पाहून घेतलं.
मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.
तीस हिवाळे पायाला स्की बांधून चढ चढले;
बाकीच्या धापा टाकत तिथे
माझ्या छातीत कुणी निवांत लाकडं फोडत असे,
एक घाव, दम, मग दुसरा घाव.

एकसष्टाव्या वर्षी तो लाकूडतोड्या बिथरला.

दीडशे, नव्वद, एकशे सत्तर,
बरणीत कोंडलेला टोळ जसा.
ओड्वार मनगट धरून बसला,
मोजता मोजता चुकला, पुन्हा एकपासून.
पहाटे मी सरपण आणायला उठले
आणि सगळं थांबलं. सगळं म्हणजे सगळं.
शुद्धीवर आले ती बर्चच्या ढलप्यांवर,
ओठाला भुसा.

काळजाचा ठोका चुकला, असं लोक सहज बोलतात.
माझे ओळीने चार चुकले. यंत्रात नोंद आहे:
आधी दाट झुडूप,
मग सहा सेकंदांचं सपाट तळं.

टिन्सेटचे डॉक्टर पेचात.
वेग आवरायची गोळी द्यावी
तर मुळात मंद हृदय बसकण मारणार.
म्हणून आधी पेसमेकर, मग गोळी, मग जन्मभर दोन्ही.
ट्रॉनहेमच्या रन्वाइबाई मात्र
ती कागदाची पट्टी बराच वेळ बघत राहिल्या.
म्हणाल्या, तुमचं संथपण हा आजार नाही.
गोंधळ संपल्यावर हृदयाला पहिला शब्द आठवत नाही, एवढंच.
गोंधळच होऊ दिला नाही तर?
सगळ्यांना लागू पडतं असं नाही, असंही म्हणाल्या.
ते मला आवडलं.

जांघेतून नळी वर गेली,
शिरेतून, मधल्या पडद्याला भोक पाडून, डाव्या कप्प्यात,
जिथे फुफ्फुसांच्या चार शिरा उघडतात.
ठिणगी तिथली.
मला वाटलं जाळतील.
नाही, गोठवलं.
शिरेच्या तोंडाशी फुगा बसला बुचासारखा
आणि पडद्यावर आकडा उतरू लागला.
उणे वीस. उणे पस्तीस.
कपाळात कळ, घाईने आइस्क्रीम खाल्ल्यासारखी. खोकला.
उणे अठ्ठेचाळीस.

मी गुंगीत हसले असणार.
हा आकडा आमच्या अंगणात येऊन गेला आहे,
मी नऊ वर्षांची असताना.
नाकातले केस काचेचे झाले होते,
आई दार उघडू देईना,
आणि मी तरी उघडलं होतं.

उजवीकडच्या शिरांपाशी श्वासपटलाची नस;
ती गोठली तर श्वासाची पंचाईत.
म्हणून विजेने मुद्दाम उचक्या लावल्या मला,
आणि अस्माराहून आलेली सेनाइत
बरगडीखाली तळहात ठेवून उभी.
उचकी मऊ पडली की ओरडायचं, एवढंच तिचं काम.
कोण एवढी आठवण काढतंय, मी विचारलं.
बाहेर एक म्हातारा आहे, ती म्हणाली,
थर्मास उघडतो आणि बंद करतो.
तिचा हात गरम होता.
त्या खोलीतलं दुसरं काही आता नीट आठवत नाही.

पाचव्या आठवड्यात टोळ पुन्हा आला.
तीन महिने येऊ शकतो, बजावलं होतं,
तरी जिवाचं पाणी झालं.
ओड्वार उठून बसला. दिवा नाही लावला.
वीस मिनिटं.
मग शांतता,
दोघंही तिच्या काठाशी,
एक,
दीड,
ठक.

तेव्हापासून नाही आला. आज नाही, एवढंच सांगते.
जंगलातल्या वाटेवर जाते, चढ टाळून.
रात्री ओड्वार अजून मनगट धरतो, सवयीने.
एकेचाळीस, म्हणाला काल.
माझे अडतीस, मी म्हणाले,
वरचे तीन कुणाचे?
तो तोवर झोपला होता,
बोट तसंच नाडीवर.